तिन्हीसांजेची नजर

हारबुर्ग, हॅम्बर्ग
१६ ऑक्टोबर २००५

ती. आईंना,
वीणाचा शि. सा. नमस्कार.

दर रविवारी फोन होतो, मग हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि आपण बोलतो तेव्हा जयंत समोर बसलेला असतो, म्हणून पत्र.

जयंतचे डोळे अधू होत चाललेत. आजार पडद्याचा आहे. नजर कडेकडेनं जाते आणि मधली तेवढी उरते. अंधार पडू लागला की त्याला आत्ताच जवळजवळ काही दिसत नाही. यावर औषध नाही. डॉक्टर म्हणाले की हा रक्तातून येतो, घरात कुणाला तरी असणार. जयंतनं कुणालाही नाही म्हणून सांगितलं. गाडी चालवायची नाही, असं त्यांनी लेखी दिलंय. तो कागद जयंतनं विम्याच्या फाइलीत घातला आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढून कामावर गेला. इथले डॉक्टर आपण होऊन पोलिसांत कळवत नाहीत. तुम्हाला काही सांगायचं नाही, अशी त्यानं मला ताकीद दिलीय. ती मी आज मोडली.

त्याच डॉक्टरांनी एका मंडळाचा पत्ता दिला होता. दृष्टी जात चाललेली माणसं दर पंधरा दिवसांनी गुरुवारी आमच्या भागातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतात, एकमेकांच्या अडचणी ऐकतात आणि मग एक पुस्तक वाचतात. आपण काही आंधळे नाही, असं म्हणून जयंतनं पत्ता फेकून दिला. मी तो उचलला आणि त्याच्याऐवजी मीच जाऊ लागले. त्याला वाटतं, मी योगाला जाते.

त्यांची एक रीत आहे. ज्याला सगळ्यांत जास्त दिसतं त्यानं मोठ्यानं वाचायचं. गेल्या वसंतापर्यंत हेर ब्रांट नावाचे गृहस्थ वाचायचे. अक्षरं जुळेनाशी झाली तसं त्यांनी पुस्तक पुढच्याच्या हाती दिलं. मी पहिल्या दिवशी गेले ती कोपऱ्यात बसून ऐकायला, पण खोलीत धड डोळ्यांची मी एकटीच, त्यामुळे पुस्तक थेट माझ्या मांडीवर आलं. निम्मे शब्द मला कळत नाहीत. ऐंशी वर्षांच्या पेटरसनबाई मला थांबवून उच्चार सुधारतात. पण त्या म्हणतात, माझं वाचन त्यांना आवडतं, कारण मी आवाजात नाटक आणत नाही. आई, मी मुद्दाम तसं वाचत नाही. हल्ली माझ्या आवाजात काही येतच नाही. जयंतच्या आजाराचं निदान ऐकलं तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. मी घरी आले आणि कांदे चिरले.

ऊर्जा बरी आहे. तुमच्याशी मराठीत बोल म्हटलं की जर्मनमध्ये हो म्हणते. फोनवर यातलं काही काढू नका. तब्येतीला जपा, आणि सुनेला सांभाळून घ्या.

आपली,
वीणा

॥ श्री ॥
कराड
२९ ऑक्टोबर २००५

चि. सौ. वीणा हिला वसुधाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फराळाचं पार्सल आधीच रवाना केलंय. चिवडा तिखट आहे, ऊर्जाला शेव दे. अनारसे या खेपेला हसले, पण बेताबेतानं. नातीला आजीशी बोलायला दुभाषी लागावा, हा दिवसही बघायचा होता. मीच आता या वयात जर्मन शिकावं म्हणते, म्हणजे निदान तिला रागवता तरी येईल.

डोळ्यांचं म्हणशील तर परदेशातले डॉक्टर राईचा पर्वत करतात. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलं तर कुणाचे डोळे राहतील? गाजर, पपई, शेवग्याचा पाला पोटात जाऊ दे. तिकडे शेवगा कुठला म्हणा. रात्री झोपताना तळपायांना गाईचं तूप चोळ. आमच्या घरात डोळ्यांचं कुणाला काही नव्हतं. यांना चष्मा होता, तेवढाच. तू त्या आंधळ्यांत जाऊन बसतेस हे मला आवडलं नाही. आपल्या घरावर ते ओढून कशाला घ्यायचं? तरी तुझं मन रमत असेल तर जा बापडी.

जयंता गाडी चालवतो ती कोणत्या वेळी? तुमच्याकडे दिवेलागण किती वाजता होते? ते तेवढं लिही.

इकडे थंडी सुरू झाली. माझे गुडघे माझ्याआधी जागे होतात. पत्र धाडत जा.

आई

हारबुर्ग, हॅम्बर्ग
२० नोव्हेंबर २००५

ती. आईंना,
वीणाचा नमस्कार पोचावा.

फराळ पोचला. अनारशांचा चुरा झाला होता, आम्ही तो चमच्यानं खाल्ला. ऊर्जानं शेवेचा डबा उशीजवळ ठेवलाय.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमच्याकडे आता चार वाजता दिवेलागण होते. दर मंगळवारी ऊर्जाला पोहण्याच्या वर्गाला न्यावं लागतं. दातांच्या दवाखान्यातली माझी कामाची पाळी संध्याकाळची, त्यामुळे जयंत कामावरून लवकर येऊन तिला नेतो. परतताना पुरता काळोख असतो. एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने जा म्हणून मी सांगून थकले. तो म्हणतो, वीस वर्षांत एकदाही अपघात नाही.

मागच्या मंगळवारी गाडीचा उजवीकडचा आरसा तुटून आला. जयंत म्हणाला, उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं. झोपवताना ऊर्जानं मला सांगितलं की एक सायकलवाल्या बाई ओरडल्या, पडल्या, उठल्या आणि रागावून गेल्या. बाबांना त्या दिसल्याच नव्हत्या. हे सांगून ती झोपली. मी तिच्या पायांशी बसून राहिले. घाबरायला हवं होतं, पण मी तिच्या दुसऱ्या दिवशीच्या डब्याचाच विचार करत होते. मला माझंच नवल वाटतं.

हेर ब्रांट पूर्वी बस चालवायचे, त्यांनाही हाच आजार आहे. वाचन संपल्यावर मी त्यांना विचारलं की बायकोनं काय सांगितलं असतं तर तुम्ही गाडी आधी सोडली असती. ते म्हणाले, काहीही सांगून उपयोग नव्हता. या आजारात काळं दिसत नाही, काही कमी आहे असंही वाटत नाही. जे दिसत नाही ते तिथं नाहीच, असं वाटतं. बायको त्यांना घाबरट वाटायची. शेवटी ज्याच्या घरात हे घडून गेलं होतं अशा माणसानं सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात शिरलं.

आई, तुम्ही दिवेलागणीची वेळ का विचारलीत? आरशाचं मी तुम्हाला तक्रार म्हणून सांगत नाही. जयंत माझं ऐकत नाही. तुम्हाला काही ठाऊक असेल तर ते त्याला लिहा. ऊर्जा त्या गाडीत मागच्या सीटवर बसते. दुसरं काही मागत नाही.

वीणा

॥ श्री ॥
कराड
३ डिसेंबर २००५

चि. सौ. वीणा आणि चि. जयंता,
दोघांना आशीर्वाद. हे पत्र दोघांनी वाचायचं आहे. वीणा, आधी तू वाच.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. यांना रातांधळेपणा होता. यांच्या मामांनाही होता, ते पुढे भिंत धरून चालत. लग्नानंतर चौथ्या वर्षी मला कळलं. त्यानंतर दिवेलागण झाली की मी यांचा हात धरून चालायची. लोक म्हणायचे, वासुदेवरावांची बायको भारी प्रेमळ. पाटबंधारे खात्यातली नोकरी जाईल म्हणून कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जयंता, तुझ्या बाबांना अपघात झाला तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास आणि स्कूटरवर मागे बसला होतास. तुझं मनगट मोडलं आणि ते जागेवर गेले. चाक निखळलेली उसाची गाडी रस्त्यावर उभी होती. गाडीवाल्यानं कंदील लावला नव्हता, असं सगळे म्हणाले. मी पोचले तेव्हा लोक त्याला मारत होते, मग पोलिसांनी धरून नेलं. तो बिचारा हात जोडून सांगत होता की कंदील लावलेला होता. त्याचं खरं असणार, हे त्या गर्दीत एकट्या मलाच ठाऊक होतं. भर उजेडाचा दिवा असता तरी बाजूनं तो यांना दिसला नसता. मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत परत या, एवढंच मी म्हणाले होते. गाडी चालवू नका, असं कधी म्हटलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून.

वीणा, आता तुझं. तुझे वडील आमच्याकडे बोलणी करायला आले तेव्हा त्यांनी सरळ विचारलं होतं की घराण्यात काही आजार आहे का. मी नाही म्हणाले आणि पोह्यांची बशी पुढे केली. दिवे गेले की जयंता लहानपणी भिंत चाचपायचा, हे मी पाहिलेलं होतं. तुला फसवून आणली असं म्हणालीस तर मी उत्तर देणार नाही. मला त्याची लाज वाटते. नऊ वर्षं तुझ्या हातचं खाताना वाटत आलीय.

जयंता, गाडी सोड. यांच्या वेळी मी गप्प राहिले, तुझ्या वेळी राहायची नाही. माझी नात त्या गाडीत आहे.

वीणा, माझा लोभ तुझ्यावर आहेच. तुझा माझ्यावर राहतो का, ते पत्र पुरतं वाचून झालं की कळव.

आई

हारबुर्ग, हॅम्बर्ग
१८ डिसेंबर २००५

ती. आईंना,
नमस्कार.

पत्र बुधवारी मिळालं. तुम्ही म्हणालात तसं आधी मी वाचलं. मग जयंत आल्यावर त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानं जेवण होईस्तोवर हात लावला नाही. मग उभ्यानं वाचलं, दोनदा वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात घातलं आणि ताटं विसळली. मी मंडळात जाते हेही मी तेव्हाच सांगितलं. त्यानं फक्त विचारलं की सध्या कुठलं पुस्तक वाचता. गुरुवारी सकाळी तो गाडी घेऊन कामावर गेला. शुक्रवारीही गेला. मी त्याला थांबवलं नाही. म्हणजे मी दारात उभी राहिले होते, पण तो बाजूनं निघून गेला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मी राग शोधून पाहिला. बाबा पोहे खात बसलेत आणि तुम्ही नाही म्हणताय, हेही डोळ्यांसमोर आणलं. राग असणार, पण अजून वर आलेला नाही. आला की कळवीन, तुमच्यापासून लपवणार नाही. ऊर्जाच्या डोळ्यांची तपासणी जानेवारीत आहे. त्या विचाराशी आले की मी थांबते, त्याच्या पुढे मला जाता येत नाही.

लोभ होता तेवढा आहे. वाढलेला नाही, कमी झालेला नाही. सध्या एवढंच खरं लिहिता येतं.

परवा मंगळवार आहे.

वीणा

हारबुर्ग, हॅम्बर्ग
२७ डिसेंबर २००५

ती. आईस,
जयंताचा साष्टांग नमस्कार.

कामाचं आधी. गाडी विकायला काढली आहे, किल्ल्या वीणाकडे आहेत. कामावर एस-बान आणि बसने जातो, पंचवीस मिनिटं जास्त लागतात. वरिष्ठांना डोळ्यांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फॉर्म दिला. इथं प्रत्येक गोष्टीला फॉर्म आहे, याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

हे तुझ्या पत्रामुळे झालं असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. पत्र वाचूनही मी तीन दिवस गाडी चालवली. झालं ते मागच्या मंगळवारी. ऊर्जाला पोहण्याहून आणत होतो. वळणावर उजवीकडून कुणी येतंय का ते मला कळेना, म्हणून मी मागे बसलेल्या ऊर्जाला विचारलं की रस्ता मोकळा आहे का. ती जर्मनमध्ये मोकळा आहे म्हणाली. मी आतला दिवा लावून मागे पाहिलं, तर तिनं मान वर केली नव्हती, ती ओले केस पुसत होती. मी वळलो नाही. गाडी तिथंच कडेला लावली, तिचा हात धरला आणि आम्ही घरापर्यंत चालत आलो. वाटेत ती मला विचारत होती की आपण गाडी विसरलो का. मी हो म्हणालो.

तुला खरं सांगतो. बावीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, वीणाला काल सांगितलं. ती रडली. बऱ्याच महिन्यांनी रडली.

कंदिलाचं ओझं तू एवढी वर्षं वाहिलंस. आई, कंदील लावलेला होता की नव्हता, मला ठाऊक नाही. त्या संध्याकाळी मला ती गाडीच दिसली नव्हती. आपल्याला अंधारात दिसत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. सगळ्यांना एवढंच दिसतं, असं वाटायचं. ओगलेवाडीच्या पुढे बाबांनी स्कूटर हळू केली आणि मान मागे करून मला विचारलं की पुढे काही आहे का रे.

मी म्हणालो, काही नाही बाबा, चला.

तुझा,
जयंता