प्लेंटी कुठल्या पंगतीत बसतो

हिंगणघाट, ३ ऑक्टोबर १९९९

चि. रीता हीस काकूचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व ठीक, पण मी ठीक नाही. अमेरिकेचा व्हिसा आला, तिकीट आले आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. तुझे काका पेढे वाटत सुटले आहेत. त्यांचे काय, कापसाचा सीझन, ते जिनिंगचा कारखाना सोडून येणार नाहीत. जायचे मला एकटीला.

विमानाची भीती नाही ग. गेल्या वर्षी तिकडे आपल्या सपनाचे पहिले बाळ जन्मले ते रडलेच नाही, तेव्हा मी इथे होते. या डिसेंबरात बाळंतपणाला मी तिथे असेन, आणि दवाखान्यात कोणी येऊन माझ्या लेकीचे बरेवाईट इंग्रजीत सांगेल. मी काय करू? नुसती मान डोलवू? हे म्हणतात की काऊन भेऊन राह्यली, जावई हाय ना तिथं. शब्दांचे पुस्तक आणून पाठ करते आहे. पण त्यात एका ‘खूप’ला इतके शब्द, की सकाळचे दुपारी आठवत नाहीत. तू शाळेत इंग्रजी शिकवतेस, काही मार्ग सांग.

घरच्यांना आशीर्वाद. काकूवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

सुलोचनाकाकू

सिंदी मेघे, ११ ऑक्टोबर

ती. सौ. काकूंच्या चरणी रीताचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आले, मग ते पुन्हा एकदा नीट वाचले. ते पुस्तक माळ्यावर टाका. शब्द पाठ करायचा नसतो, घरातल्या वस्तूला चिकटवायचा असतो. वड्यांसाठी डाळ भिजत घातली की म्हणा सोक. क्रिकेट ऐकताना काकांना भाजी करपल्याचा वास येत नाही, ते इमर्स्ड. जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग लागतात ते अबंडंट.

आणि प्लेंटी तर तुमच्याच स्वभावाचा. पंगतीत पोट भरल्यावर तुम्ही आणखी एक पोळी वाढता ना, ते प्लेंटी. हवे तेवढे, आणि वर थोडे. नकोसे झाले की टू मच. काकू, शब्द कोणाच्या शेजारी बसतो ते बघत जा. प्लेंटी बहुतेक सुखाच्याच पंगतीत बसतो. आता आपल्या घरातली खरी वाक्ये करून पाठवा.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, कोथिंबिरीच्या सांबारवडीबरोबर पाठवलात तर वाढेल.

रीता

हिंगणघाट, २ नोव्हेंबर

चि. रीता हीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

वाक्ये घे. डब्यात शेंगदाणे प्लेंटी. शेजारच्या प्रमिलाबाईंच्या तक्रारी टू मच. हे पेपरात इमर्स्ड, मी भीतीत इमर्स्ड. प्रमिलाबाई ह्यांना सांगून गेल्या की बाई सैपाकघरात एकटीच बोलून राह्यल्या, दाखवा कोणाले तरी.

काल सपनाचा फोन होता. बाळ थोडा वेळ हलले नाही की ती हातातले काम टाकून बसते म्हणाली. मी तिला धीर दिला आणि फोन ठेवल्यावर स्वतःच देवापुढे जाऊन बसले. भीती अबंडंट म्हणता येते का? प्लेंटी तिच्या शेजारी नको, एवढे मला कळले. येत्या आठवड्यात निघते.

देवाजवळ माझ्यासाठी काही माग. आठवण ठेव.

सुलोचनाकाकू

डेट्रॉइट, १२ डिसेंबर

चि. रीता हीस काकूचे दुरून आशीर्वाद, वि. वि.

परवा सपनाला दवाखान्यात नेले. मध्येच बाळाचे ठोके मंदावले आणि एकच धावपळ झाली. तिला ऑपरेशनला नेले, जावईबापूंना आत घेतले, मी बाहेर खुर्चीवर. रीता, त्या वेळी तुझा एक शब्द आठवेना. दाराकडे कान लावले, रडणे ऐकू येईना. पुन्हा तेच, असे वाटले.

मग एक नर्स आली आणि बोलत सुटली. तोंडाला फडके, चेहरा कळेना. मी मान डोलवू लागले. तेवढ्यात तिच्या बोलण्यातून एक शब्द ओळखीचा आला, प्लेंटी. कशाचे प्लेंटी ते समजले नाही. पण तो कुठल्या पंगतीत बसतो ते मला ठाऊक होते. मी तिचा हात धरून ढसाढसा रडले. बिचारी घाबरली, तिला वाटले मला उलटेच कळले. तिने टोपी सारून स्वतःचे केस दाखवले, मग हातांचा पाळणा करून हलवला.

मुलगी झाली. डोक्यावर केस प्लेंटी. सपना बरी आहे.

आम्हा तिघींवर लोभ ठेव, टू मच झाला तरी चालेल.

सुलोचनाकाकू