हळदीच्या टेपमधला माणूस

११ नोव्हें., सोम.
आजही तेच. दिवसभर एका माणसाच्या गालावरच्या ओळी पुसतेय, आणि त्या जात नाहीत.
क्लिप निकिताची. करावे गावची मुलगी, लग्न याच महिन्यात, फिल्म आमच्याकडे. ती तान्ही असताना बाप वारला. तिने त्याला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. आत्याच्या हळदीच्या जुन्या टेपमध्ये तो तिला कडेवर घेऊन नाचतोय म्हणे. ते तिच्या हळदीला मोठ्या स्क्रीनवर लावायचं. आईला सरप्राइज.
हा माणूस एक क्षण उभा राहील तर शपथ. आणि हलला की चेहऱ्याला कंगव्यासारखे दात फुटतात.

१२, मंगळ.
देसाई सरांना समजावलं. (स्टुडिओ त्यांचा, घाईपण त्यांचीच.) जुना कॅमेरा एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं घेतो, एकाआड एक ओळी. आधी एक, मग दुसरं. मधल्या वेळात माणूस सरकतो. आपला स्क्रीन दोन्ही एकदम दाखवतो.
सर : "मग एक अर्धं उडव ना!"
उडवलं. ओळी गेल्या, चेहराही गेला. नाकाच्या जागी पायऱ्या. दोन्ही मिसळून पाहिली, तर एकात एक दोन बाप, दोन्ही धुरकट. डोकं उठलं.

१४, गुरु.
कळलं एकदाचं. निकिताने दिलेला पेनड्राइव्हच खराब. कुठल्या तरी दुकानात टेप उतरवली, आणि दुकानदाराने दोन अर्धी वेगळी न करता तसंच ताणून एचडी केलं. ओळी चित्रात शिजल्यात. आता मी भातातून मीठ वेचायचं. तीन दिवस हेच करत होते.
मूळ टेप हवी. नि.ला फोन. "मोठ्या काकाकडं असेल ताई. पण आईला कळायला नको हां."

१६, शनि.
करावेला जाऊन आले. काकांनी कपाटावरून टेप काढून दिली. टक्कल, सुटलेलं पोट, हसरा माणूस. "चालते का बग बाय, लय जुनी हाय." बुरशी नाही, नशीब.
सरांच्या जुन्या व्हीसीआरवरून जशीच्या तशी उतरवली. लावली, तर माणूस थरथरतोय. जरा पुढे, जरा मागे, अंगात आल्यासारखा. अर्ध्यांचा क्रम उलटा! टेप उतरली खालच्या ओळी आधी, सॉफ्टवेअर धरतंय वरच्या. एक सेटिंग. अख्खी दुपार गेली त्यात.

१८, सोम.
जमलं!! प्रत्येक अर्ध्यापासून एक पूर्ण चित्र बनवलं. सेकंदाला पंचवीसऐवजी पन्नास चित्रं. चेहरा लख्ख. मिशी, कपाळावरची हळद, सगळं. नि.ला पाठवली. फोनवर रडली. मीही, थोडी.
सरांनी लगेच पाणी ओतलं. "पन्नास नको. ड्रोन, प्री-वेडिंग, सगळं पंचवीसवर आहे. एक सोडून एक फेक."

१९, मंगळ.
नि.ला राहवलं नाही. आईलाच घेऊन आली स्टुडिओत. सुमनमावशी (तिची आई) पुढे वाकून बघत बसल्या. मग,
"ह्यो कोन?"
"आई, बाबा ना!"
"कसला बाबा? ह्यो तुजा मोटा काका. तवा केस होतं त्याला. दोगं भाव सारकंच दिसायचं."
सर उठून बाहेर गेले. माऊस फेकावासा वाटला. शनिवारी ज्याच्या हातून टेप घेतली तोच माणूस आठवडाभर साफ करत होते मी.
मावशी म्हणाल्या, "टेप मागं ने. आजून. थांब. त्यो मांगं बग, पातेलं घेऊन चाललाय. त्यो तुजा बापूस."
अंधारात, पाठमोरा. नाचणाऱ्यांच्या मागून जातो आणि फ्रेमबाहेर. संपलं.
"कॅमेरा दिसला का पलायचा," मावशी म्हणाल्या.

२१, गुरु.
पुन्हा पहिल्यापासून. उजेड वाढवला की नुसते दाणेच दाणे दिसतात. पण सापडलं. नाचणाऱ्या दोघींच्या मधल्या फटीतून जाताना तो मान वळवून बघतो. मोजकीच चित्रं. मग आड एक पदर येतो.
सरांच्या हिशेबाने अर्धी फेकली की उरतात दोन-चार, डोळा लवायच्या आत गेला. भांडले. "कोण बघणार आहे एवढं?" म्हणाले. नि. बघणार आहे, दुसरं कोण!
शेवटी निम्म्या वेगाने लावलं. पंचवीसवरच बसतं, आणि एकही चित्र फेकावं लागत नाही. तो चालत येतो, मान वळवतो, बघतो. सरांनी पुन्हा लावायला सांगितलं.

२२, शुक्र.
मायलेकींना क्लिप दाखवली. नि. लगेच, "ताई, हीच."
मावशींनी मान हलवली. "असा नव्हता चालत त्यो. आजारी मानसासारका वाटतोय. जसा जायचा तसा जाऊ दे."
खऱ्या वेगाने लावली.
नि. : "कुठे? दिसलेच नाहीत."
मावशी : "दिसला की."
दोनदा, तीनदा लावली. तेच. एकीला दिसतो, एकीला नाही. आणि दोघी माझ्याकडे बघतायत.

२३, शनि.
करावे, मांडवातूनच लिहितेय. संध्याकाळी हळद. फिल्म दोन प्रकारे करून आणलीय, एकीत हळू, एकीत खऱ्या वेगाने.
नि.ला विचारलं. हातावर ओली मेंदी. "आईला विचारा ना ताई. तिचा नवरा."
मावशी बायकांत होत्या. "पोरीला इचार. तिचा बापूस."
परत नि.कडे गेले तर तिने तोंड फिरवलं. डोळे पुसायला हात मोकळे नाहीत.
स्क्रीन बांधून झालाय. ऑपरेटर विचारतोय, मॅडम, कुठली लावू? म्हटलं, थांब जरा.