बांगड्यांनी निवडलेलं घर

मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व)
रविवार, दुपार

तीर्थरूप आईंस,

अनुपमाचा वाकून नमस्कार. आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे, विहिरीवरचा पंप दुरुस्त झाला का, आणि शेजारची गाय अजून आपल्याच अळवात शिरते का, हे सवडीने कळवावं. (कळवावं म्हणजे सुबोधला कळवावं. गणपतीपासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, हे माझ्या लक्षात आहे. फोन मी उचलला की ‘राँग नंबर’ म्हणून ठेवता. त्याबद्दल तक्रार नाही. पत्राला मात्र राँग नंबर म्हणता येत नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं.)

नवीन पत्ता कळवावा, एवढाच हेतू आहे. तो वर लिहिलाच आहे, तेव्हा पत्र इथेच संपवायला हरकत नव्हती. पण त्या जागी मुलुंड लिहायचं होतं. त्याचं मरोळ का झालं, यात तुमचा थोडा हात आहे, आणि ज्याचा हात असतो त्याला निदान कळवावं, असं मला वाटतं.

मालवणच्या लॅबमधून माझी बदली साकीनाक्याच्या मुख्य लॅबमध्ये झाली, बढतीवर, हे तुम्ही जाणता. सुबोधचं काम घरांचे नकाशे काढायचं. ते कुठेही बसून काढता येतात, म्हणून तो माझ्याबरोबर आला. ‘बायलेच्या पाठसून घोव जाता, असा कधी ऐकूक नाय,’ असं तुम्ही खळ्यात म्हणालात, ते मी ओटीवर ऐकलं. (मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाला होतात, तेव्हा मी चोरून ऐकलं असं होत नाही.) मामंजी गिरणीत होते तेव्हा तुम्ही लालबागला राहिलात, आणि दादरच्या पुढे सगळं जंगल, असं तुमचं मत आहे. त्या जंगलाविषयी सांगायचं तर आता तिथे झाडाखाली उभं राहायलासुद्धा कुणाची तरी परवानगी लागते, आणि घर हवं असेल तर मुलाखत द्यावी लागते. मी लॅबमधल्या नोकरीसाठी दिली नव्हती एवढी कडक मुलाखत भाड्याच्या घरासाठी दिली.

सुरुवातीला आम्ही बोरिवलीला निलेशभावजींकडे उतरलो. (सुबोधच्या चुलतभावाला भावजी म्हणावं की नुसतं निलेश, हे मला अजून कळलेलं नाही, घाटावर आमच्याकडे एवढे प्रकार नसतात.) भावजींच्या मते मुंबईत माणसाने राहावं असं बोरिवली एकच ठिकाण आहे, कारण तिथे नॅशनल पार्कची हवा येते. रोज सकाळी ते खिडकी उघडून आम्हाला तिच्यासमोर उभं करायचे आणि विचारायचे, ‘जाणवली?’ आम्ही जाणवली म्हणायचो. दिशावहिनींनी नवीन सोफा घेतला आहे, त्याच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही आणि त्यावर बसलं की तो आवाज करतो, म्हणून सगळं घर जमिनीवर बसतं. माणसं प्रेमळ आहेत. पण बोरिवलीहून साकीनाक्याला पोचेपर्यंत मला वाटेतच डबा उघडावासा वाटायचा, आणि संध्याकाळी परत येईपर्यंत भावजी झोपायच्या तयारीत असायचे. हवा रात्रीही येते म्हणतात, पण तेव्हा मी दमलेली असायची.

मग माणिक नावाचा एजंट धरला. (हे इथे पुरुषाचं नाव आहे. सुबोधने फोनवर त्याला पहिल्यांदा ‘ताई’ म्हटलं, त्याचा परिणाम पुढच्या जागांवर झाला असावा.) माणिकच्या हिशेबात सगळं पाच मिनिटांवर असतं. स्टेशन, बाजार, दवाखाना, सगळं. घाटकोपरला त्याने एक जागा दाखवली, तिथे खिडकी उघडली तर समोरच्या घरातली बाई आमच्याच ओट्याला टेकून उभी आहे असं वाटलं. तिने विचारलं, ‘घेताय का?’ मी म्हटलं, बघतोय. ती म्हणाली, ‘घेऊ नका. ही खिडकी उघडी असली तरच आमच्याकडे उजेड येतो.’ बोलणं सरळ होतं, आम्ही खिडकी उघडी ठेवूनच निघालो. वर्सोव्याला समुद्र दिसणारी जागा दाखवली. समुद्र दिसत होता, पण न्हाणीघरात स्टुलावर चढलं तर. सुबोध चढला आणि बराच वेळ उतरला नाही. माणिक मला म्हणाला, ‘साहेबांना पसंत पडली वाटतं.’ मला तसं वाटलं नाही. (त्याला घरची आठवण आली होती. हे तुम्हाला लिहायचं कारण नाही, पण लिहिलं गेलं.)

मुलुंडची जागा मात्र मला आवडली. मला जागा सहसा आवडत नाहीत, तेव्हा हे नोंद करण्यासारखं आहे. स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांना कोपर न लावता उभी राहतील एवढी जागा होती, सुबोधच्या टेबलाला उत्तरेचा उजेड होता, आणि मागच्या बाल्कनीतून येऊरचे डोंगर दिसत होते. ते डोंगर बघून मला आमच्याकडचे डोंगर आठवले. मी बाल्कनीत उभी राहिले आणि सुबोधने माझ्याकडे बघून माणिकला लगेच सांगितलं, ही घेतली. मालकांचीही ना नव्हती. फक्त सोसायटीच्या कमिटीला भेटायचं राहिलं होतं.

तर ही कमिटी. माणिकने आमची आधी तयारी करून घेतली. सोसायटीत मांसमच्छी चालत नाही, तेव्हा विचारलं तर ‘आम्ही माळकरी’ असं सांगा, म्हणाला. मी म्हटलं, एवढं नाही जमणार. मग त्याने दुसरं वाक्य दिलं: ‘आम्ही घरात काही करत नाही.’ हे मला पटलं, कारण आम्हाला घरच नव्हतं. सुबोधला खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात, म्हणून त्याने बोलायचंच नाही असं ठरलं.

ऑफिसात एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या होत्या. टेबलापलीकडे सेक्रेटरी श्यामकांत, एक खजिनदार आणि कमिटीवरच्या एक बाई. सेक्रेटरी आपल्यातलेच निघाले, आजोळ वेंगुर्ल्याचं. मुलं किती, पाहुणे किती येतात, पाहुणे आले की किती दिवस राहतात, गाणं शिकता का, कुत्रं पाळणार का, असं विचारत विचारत ते जेवणावर आले. मी माझं वाक्य म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पेनाचं टोपण काढलं आणि कागद पुढे ओढला. आणि दार ढकलून धाकू आत आला.

आपल्या वाडीतला धाकू आंब्यांच्या पेट्या घेऊन टेम्पोने मुंबईत आला होता, आणि त्याच टेम्पोतून तुम्ही पोतं दिलं होतं. सुबोधने त्याला बिल्डिंगचं नाव कळवलं होतं. आत येऊ नको, हे कळवायचं राहिलं. ‘सुबोध, तुझ्या आवशीन धाडल्यान,’ असं म्हणून त्याने पोतं टेबलावरच ठेवलं, सेक्रेटरींच्या कागदांवर. मग सगळे पोत्याकडेच बघत आहेत म्हणून, त्यांना माहिती हवी असेल अशा समजुतीने म्हणाला, ‘बांगडे आसत, गोलमो आसा. कडक सुकलेलो.’ (गोलमो म्हणजे बारीक सुका जवळा, हे मला लग्नानंतर कळलं.) ते सांगायची गरज नव्हती. एसीने आपलं काम केलं होतं. खजिनदारांनी दार उघडायचा प्रयत्न केला, तर बाहेर सोसायटीचं मांजर बसलेलं होतं, ते आत आलं.

सेक्रेटरी रागावले नाहीत, हे मला त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे. त्यांनी बाईंना पाणी दिलं, धाकूला खुर्ची दिली, आणि आम्हाला अगदी समजावून सांगितलं. ‘मी स्वतः खातो हो. शुक्रवारी बाहेर जाऊन खातो. पण बिल्डिंगचं एक वातावरण असतं.’ मग थोडं पुढे वाकून म्हणाले, ‘असं करा, गेटजवळ कचऱ्याचा मोठा डबा आहे. हे त्यात टाकून या. आम्ही काही पाहिलं नाही. लगेच सही करू.’ बाईंनीही मान हलवली. एका परीने उदार बोलणं होतं. मांजराला सोडून सगळ्यांना मान्य होण्यासारखं.

सुबोध उठला. त्याने पोतं उचललं आणि ‘टाकून येतो’ म्हणाला. कान लाल नव्हते. (हे वाचून त्याच्यावर रागावू नका. मला ती बाल्कनी हवी होती, हे त्याला माहीत होतं.) तो दारापर्यंत पोचला. पोत्याची शिवण माझ्या बाजूला होती, निळ्या दोऱ्याची, दुहेरी टाक्यांची, आणि वर तुमच्या अक्षरात फक्त त्याचं एकट्याचं नाव. तुम्ही गुडघा धरून खळ्यात बसता आणि सुकत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे काठी आपटून हाकलता, ते मला त्या वेळी आठवलं असं मी लिहिणार नाही, कारण ते तुम्हाला खरं वाटणार नाही. मी एवढंच म्हटलं, ‘खाली ठेव.’

सेक्रेटरी म्हणाले, ‘इथे नको, डब्यातच टाकू दे त्यांना.’

मी म्हटलं, ‘टाकायचं नाही. ते आमचं आहे. माझ्या सासूबाईंनी पाठवलंय.’

‘मग अवघड आहे,’ ते म्हणाले.

‘हो, अवघड आहे,’ मी म्हटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी सुबोधच्या हातातून पोतं घेतलं आणि आम्ही निघालो. लिफ्टमध्ये धाकूने विचारलं, ‘घर झाला?’ सुबोध म्हणाला, ‘नाय झाला.’ धाकू म्हणाला, ‘बरां झाला. वास येय होतो हय.’ (कसला, हे आम्ही विचारलं नाही.) माणिक कुठल्या क्षणी निघून गेला ते कळलं नाही. त्यानंतर तो आमचा फोन घेत नाही.

पोतं घेऊन दिशावहिनींच्या सोफ्यासमोर जाणं शक्य नव्हतं. धाकूला मरोळला एक पेटी पोचवायची होती, म्हणून आम्हीही टेम्पोत बसलो. वाटेत सुबोध बाहेर बघत म्हणाला, ‘मी फक्त खाली नेत होतो.’ मी म्हटलं, हो. तो म्हणाला, ‘गाडीत ठेवणार होतो.’ मी पुन्हा हो म्हटलं. बाल्कनी गेल्याचं मला वाईट वाटत होतं आणि ते बोलून दाखवायची ती जागा नव्हती. मांडीवर पोतं होतं.

मरोळचं गावठाण म्हणजे उंच इमारतींच्या मधोमध विसरून राहिलेलं गाव आहे. कोपऱ्यावर क्रूस, बुटकी घरं, बाहेरून लाकडी जिने. धाकू दरवर्षी जिला आंबे देतो ती तेरेसाबाई दारातच बसली होती. फुलाफुलांचा झगा, केसांना जाळी, वय तुमच्याएवढं असावं. ती आंब्यांकडे न बघता सरळ माझ्याकडे आली आणि पोत्याला नाक लावलं. मग शिवण उसवून चिमूटभर गोलमा तळहातावर घेतला, चोळला, फुंकला.

‘कोणी सुकवला?’

‘सासूबाईंनी.’

‘वाळू नाय लागत हाताला. एवढा धीर आता कोणाकडं हाय?’ मग आम्हा दोघांकडे बघून तिने विचारलं, ‘कुठं चाललाव?’ सुबोधने खरं ते सांगितलं, की कुठेच नाही. ती म्हणाली, ‘वरच्या दोन खोल्या रिकाम्या हायत. माझा कीथ कॅनडाला गेला, तो आता बर्फात ऱ्हातो.’ मुलाखत तिनेही घेतली. एकच प्रश्न होता. ‘भांडता का?’

सुबोध म्हणाला, ‘ही भांडते.’

‘मोठ्याने?’

‘नाही, हळू.’

‘मग ऱ्हावा,’ असं म्हणून ती आंबे मोजायला बसली.

तर असं हे घर. डोंगर नाहीत. खिडकीतून कीथची झाकून ठेवलेली मोटारसायकल दिसते. विमानं इतकी खालून जातात की वाक्य अर्ध्यात थांबवून पुढे न्यावं लागतं. त्यामुळे भांडणात मात्र विचार करायला वेळ मिळतो. लॅब चालत गाठता येते. सुबोधने जिन्याच्या माथ्यावर टेबल लावलं आहे आणि येणारे-जाणारे त्याला आपल्या घरांच्या गळक्या पत्र्यांचे नकाशे काढायला सांगतात. तो काढून देतो.

तब्येतीला जपावं. पाटावर बसू नये, डॉक्टरांनी खुर्ची सांगितली आहे.

आपली सून (ही गोष्ट आपल्या दोघींच्या हातातली नाही),
अनुपमा

ता. क. – पहिल्या रविवारी मी स्वतः बांगडे भाजले. सुबोधने दोनदा पाणी मागून खाल्ले. खालून तेरेसाबाई काय जळतंय ते बघायला वर आली आणि तवा घेऊन गेली. आता ती मला शिकवते आहे. पण कीड लागू नये म्हणून तुम्ही पोत्यात काय घालता, ते तिलाही ओळखता आलेलं नाही. तिने विचारायला सांगितलं आहे. मी विचारलं असं समजू नये.

ता. क. २ – पाकीट चिकटवायला गोंद शोधत होते, तेवढ्यात सुबोध जिन्यात उभा राहून तुमच्याशी फोनवर बोलत होता. मुलुंडची हकीकत त्याच्या तोंडून मी आत्ता पहिल्यांदा ऐकली. तिच्यात पोतं छातीशी धरून तो उभा राहतो, सेक्रेटरीच्या डोळ्यात बघतो आणि म्हणतो, ‘हे माझ्या आईने पाठवलंय, घर गेलं तरी चालेल.’ मी मागे नाकाला रुमाल लावून बसलेली आहे. त्याचा आवाज चांगला लागला होता. तुम्हाला रडू आलं, असं त्याने नंतर मला सांगितलं. हे पत्र फाडणार होते, पण एवढी पानं हाताने लिहिली आहेत. तेव्हा खरी विनंती ही, की ते तुम्हाला मिळालंच नाही असं धरून चालावं. मे महिन्यात तो तिकडे येईल आणि ती गोष्ट साऱ्या वाडीला सांगेल. सांगू द्यावी. पोतं उचलून दाराकडे जाताना त्याचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं आहे. त्यापेक्षा ही गोष्ट बरी. मीही ती खरी म्हणूनच ऐकणार आहे, आणि कुणी विचारलंच, तर रुमाल पिवळा होता म्हणून सांगेन.