आपा दोरी ओलांडत नाही

नारिन, सप्टेंबरचा दुसरा आठवडा

आदरणीय थोरले बंधू, एसेनगुल बायके,

धाकट्या भावाचा वाकून सलाम. तुम्ही, वहिनी, मुलं आणि गुरंढोरं सगळी धडधाकट असाल अशी आशा आहे. (तिकडे शहरात नवव्या मजल्यावर तुमच्याकडे एक मांजरच आहे हे ठाऊक आहे, पण गुरांची चौकशी नसलेलं पत्र आपा टाकू देणार नाही, आई आहे शेवटी.) आमचं ठीक. आपाचे गुडघे पूर्वीसारखेच, जीभ पूर्वीपेक्षा जास्त चालते. डोळ्यांचं मात्र डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, आहे तो उजेड हिवाळ्यापर्यंत, पुढचं सांगता येत नाही.

म्हणून तर हा उपद्व्याप. कोल्खोजचे, म्हणजे सरकारी सामूहिक शेतीचे, फोटोग्राफर म्हणून बाबांनी बावीस वर्षं अख्ख्या खोऱ्याचे चेहरे टिपले आणि स्वतःचा मागे ठेवला तो एक पासपोर्टचा. आपा तो बघते आणि म्हणते, "हा माझा नवरा नाही, हा सरकारचा माणूस." मग पेटीतल्या सगळ्या निगेटिव्ह मी स्कॅन केल्या. एवढ्या फोटोंत कुठेतरी बाबा सापडतीलच, असा हिशेब. पण तुम्ही पाठवलेल्या लॅपटॉपचा पडदा आपाला बशीएवढा वाटतो, तेव्हा बाजारात जिपाराच्या दुकानातून चांगले दोन फोर-के मॉनिटर आणले. (तीच जिपारा, जिच्या घरावरून तुम्ही विनाकारण घोडा हाकायचात. अजून तुमच्याबद्दल विचारते.) एकावर फोटो, दुसऱ्यावर माझं वर्तमानपत्राच्या सदरातून टोमणे मारायचं काम. पहिल्या दिवशी टीव्हीची जुनी केबल लावली, तर चेहरे सगळे मळलेल्या कणकेसारखे. जिपारा फोनवर ओरडली, "अरे सुयुन, गाढवावर अख्खा युर्टचा तंबू लादतोस होय? नवी केबल ने!" नेली. आणि बायके, काय सांगू! सोंग-कोल सरोवराकाठच्या कुरणावरचं गवत पातं न् पातं मोजता यावं. घोडीच्या पापण्या दिसल्या. युर्टच्या छतातून निघणारा धूर पाहून मला त्याचा वासही आला, आणि मी बराच वेळ टोमणा मारण्याच्या लायकीचा राहिलो नाही.

दुसऱ्या दिवशी पडदा काळा. मग आपोआप सुरू. मग पुन्हा काळा. मी लॅपटॉप तीनदा नव्यानं लावून पाहिला, मॉनिटर बदलून पाहिले, जिपाराला लबाड म्हटलं, तुम्हाला मनातल्या मनात त्याहून वाईट म्हटलं (फुकटचा लॅपटॉप म्हणजे असाच, वगैरे). आठ दिवस घालवले, आणि उजेड हिवाळ्यापर्यंतचाच होता. नवव्या दिवशी लक्षात आलं की पडदा चहानंतर जातो. म्हणून चहाच्या वेळी दाराआड उभा राहिलो. केबल आखूड, त्यामुळे भिंतीकडच्या फोटोंच्या मॉनिटरपासून माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपपर्यंत खोलीच्या मधोमध ताणलेली. आपा चहा घेऊन आली, केबलपाशी थांबली, किटली खाली ठेवली, लॅपटॉपमधलं टोक अदबीनं उपसलं, पलीकडे गेली, आणि ते परत दिसेल त्या भोकात खोचलं. भोकं दोन, दिसायला जुळी. एकातून चित्र जातं, दुसऱ्यातून फक्त वीज.

"आपा, हे काय?"

"दोरी आहे ना ती? घोडे बांधायची दोरी मी जन्मात ओलांडली नाही, आता म्हातारपणी तुझी ओलांडू?"

"पण ती घोड्याची नाही!"

"मग एवढे दिवस तिला धरून कोणाला शोधतोयस?"

यावर मी वर्तमानपत्रात एवढी वर्षं काय केलं, असा प्रश्न मला पडला.

योग्य भोकाला लाल लोकर बांधली, आणि त्याच दुपारी ७९ सालचा जायलूवरचा, आपल्या उन्हाळी कुरणावरचा, फोटो उघडला. समोर आपण दोघं, मागे चहाचा चकचकीत समोवर. मी वाढवत गेलो. समोवरच्या पोटावर, फुगलेले, वाकडे, कॅमेरा पोटाशी धरून त्यात डोकावणारे आणि हसणारे बाबा! आपा पडद्याला नाक लावून बसली. मग म्हणाली, "ती टोपी. उंदरांनी खाल्लीय, फेक म्हणून सांगितलं होतं मी. ऐकलं नाहीच." आणि बाहीनं पडदा पुसला. पडदा स्वच्छच होता.

आपला धाकटा,
सुयुनबेक

ता. क. केबल भिंतीच्या कडेनं फिरवायची तर पाच मीटरची हवी. ती इथे मिळत नाही. टपालानं पाठवू नये, मोडते. स्वतः आणावी.

ता. क. २. त्याच फोटोत तुमची उजवी मूठही वाढवून पाहिली. त्या दिवशी हरवलेलं कॅमेऱ्याचं झाकण तिच्यात आहे. त्यासाठी कान माझा पिळला गेला होता. आपाला दाखवलं. ती म्हणते, "हात दिसला. आता त्याचा चेहरा दाखव, या वयाचा."

ता. क. ३. पाच मीटरची केबल जिपाराकडे खिळ्याला टांगलेली आहे. आपाला हे सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. पहिला बर्फ पडायच्या आत या.