अर्ध्या तासाची मर्यादा

अक्का,

इडल्या झाकून ठेवल्यात, चटणीला फोडणी तेवढी घाल. काल मला पाहून गेले त्या जयतीर्थांच्या बँकेत जातेय. रागावण्याआधी पुढचं वाच.

काल मी मर्यादेने गप्प बसले नव्हते. गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांनी नुकतंच फ्लोराइडचं औषध लावलं होतं, तारांच्या कडेने दात किडू नयेत म्हणून. अर्धा तास चूळ भरायची नाही, काही खायचं-प्यायचं नाही, असं बजावलं होतं. घरी येते तर पाहुणे वेळेआधीच हजर. तू पुढे केलेला शिरा मी मानेनेच नाकारला, विचारलं त्यालाही मानेनेच हो-नाही केलं. बोललं तर औषध निघून जाईल, ही भर माझ्या मनाची. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते.

सकाळी जयतीर्थांच्या आईचा निरोप आला, अशी मितभाषी मुलगी शोधून सापडायची नाही. तू देवापुढे साखर ठेवलीस. अक्का, तू मला वीस वर्षं ऐकते आहेस.

आणि माझ्या दातांना तारा आहेत, हे तू त्यांना कळवलंच नाहीस. ते मी आज सांगते, हसून सांगते, म्हणजे दिसतीलही. नाही म्हणाले तर सरी, तेही ठीक.

भावजींचं काळं मंजन माझ्या ब्रशजवळून उचल.

एक राहिलं. जयतीर्थांनीही काल शिऱ्याला हात लावला नाही आणि अर्धा तास तोंड उघडलं नाही. माझं कारण औषध होतं. त्यांचं काय होतं, ते विचारून येते.

अनुसूया