हॉर्नसाठी मोकळी सोडलेली जागा

मी, एनॉक ग्रिमशॉ, वय अठ्ठावन्न, पलटणीच्या बँडमधला निवृत्त सार्जंट आणि कॉर्नेटवादक, राहणार हॅदर्लो, परगणा लँकेशायर, पुढील मजकूर स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. छाती बिघडली आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचे दोन्हींबद्दल हेच मत आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मुलगी हिल्डा हिला. मागच्या दाराची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते, हे तिला ठाऊक आहे. जावयाला सांगून उपयोग झालेला नाही.

२. पोस्टातील शिल्लक हिल्डाच्या दोन्ही मुलींना समान. ती शहाणपणाने खर्च करावी अशी अट मी घालत नाही.

३. कबुतरे व त्यांचे खुराडे शेजारी अर्नेस्ट यांना. ती आताही त्यांच्याच छपरावर बसतात.

४. माझा पितळी कॉर्नेट गावातल्या गिरणीच्या बँडला. काचेच्या कपाटात ठेवू नये, वाजवावा.

५. पलटणीच्या कूचधुनेतील हॉर्न या पितळी वाद्याच्या सुरांचा छापील कागद आयव्ही डक्सबरी हिला. या कलमाचे कारण लिहिणे भाग आहे, कारण पलटणीतील जुन्या मंडळींना ते रुचणार नाही.

युद्धात बँडवाले जखमींची डोली उचलतात. सिंगापूर पडले तेव्हा आम्ही डोल्यांसकट जपान्यांचे कैदी झालो आणि सयामच्या जंगलात रेल्वेच्या कामाला लागलो. वाद्ये गेली, कागद गेले. माणसे मरू लागली. पलटणीचा माणूस पलटणीच्या धुनेशिवाय पुरायचा नाही, म्हणून आम्ही ती तोंडाने म्हणू लागलो. अडचण अशी, की बँडमध्ये ज्याला त्याला आपापलेच सूर पाठ असतात. मला कॉर्नेटचे येत होते. बँडमधला मोठा भोंगा फुंकणारा एमॉस नुसता "पम् पम्" करायचा. धुनेच्या मधोमध हॉर्न एकटाच वाजतो. तो तुकडा क्लेम डक्सबरीचा. एमॉस त्याला म्हणाला, "अरे, आम्हालाही शिकव की." क्लेम म्हणाला, "शिकवतो आणि मग तुम्ही मला कामावर पाठवून स्वतः गात बसा. जा रे."

क्लेम पटकीने गेला. त्याला नेताना आम्ही त्या तुकड्यापाशी आलो आणि पुढचे कोणालाच येईना. गप्प चालत राहिलो. तो तुकडा संपेल एवढी पावले झाल्यावर मी पुढचा भाग उचलला. त्यानंतर प्रत्येकाला तसेच पुरले.

मायदेशी परत आल्यावर पलटणीच्या छावणीत छापील कागद जसेच्या तसे सापडले. कर्नलसाहेब म्हणाले, "आता धून पुरी वाजवा." आम्ही उरलेल्यांनी नकार दिला. साहेबांनी एकवार आमच्याकडे पाहिले आणि होकार दिला. तेव्हापासून आमच्या धुनेत त्या जागी फक्त ढोल आणि बुटांचा आवाज. नव्या जवानांना हे पहिल्याच आठवड्यात शिकवले जाई.

पुढे दोन पलटणी जोडून एक केल्या. बँड दुसऱ्या पलटणीच्या लेनर्ड पॉमफ्रेट यांच्या हाती गेला. जुना कागद रद्दीत निघण्याआधी मी मागून घेतला होता. त्यांनी त्याच्याशिवायच नवे सूर रचून ती जागा भरली. मी जाब विचारला. ते म्हणाले, "ग्रिमशॉ, लोकांना वाटतं हॉर्नवाला झोपलाय." मी संचलन अर्धवट सोडून घरी आलो. तीन वर्षे त्यांच्याशी बोललो नाही. याचा खेद नाही.

गेल्या हिवाळ्यात क्लेमची मुलगी आयव्ही आली. बाप परदेशी गेला तेव्हा ती पाळण्यात होती. आता गिरणीच्या बँडमध्ये हॉर्न वाजवते. मला वाटले, तीही पॉमफ्रेटविरुद्ध तक्रार घेऊन आली. ती म्हणाली, "काका, त्या मोकळ्या जागेत तुम्हाला बाबा दिसतात. मला कसे दिसणार? मी त्यांना पाहिलंच नाही. दरवर्षी संचलनात मला नुसतं गप्प बसणं ऐकवलंत. ते वाजवायचे काय, ते तरी ऐकू द्या."

मी कागद काढला. तिने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाजवला. साधाच तुकडा आहे. वर जातो, जरा रेंगाळतो, खाली येतो. तिने तो पुन्हा वाजवला. किटलीतले पाणी आटून गेले, ते नंतर लक्षात आले.

६. माझ्या अंत्ययात्रेत धून पुरी वाजवावी. हॉर्न आयव्हीने वाजवावा, छापील कागदाप्रमाणे; पॉमफ्रेट यांच्या रचनेप्रमाणे नव्हे. ज्यांना त्या जागी सवयीने गप्प चालायचे असेल त्यांनी चालावे. तिला थांबवू नये.

७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळता कामा नये, असा कायदा आहे. त्यामुळे पॉमफ्रेट यांची निवड सोपी गेली. मी त्यांच्या दारात गेलो तेव्हा ते म्हणाले, "तक्रार आणलीत?" मी म्हटले, "नाही. सही हवी आहे." त्यांनी चष्मा शोधला, पाचवे कलम सावकाश वाचले आणि विचारले, "हा कागद मला उतरवून घेता येईल?" मी आयव्हीचा पत्ता दिला.

वरील सर्व मजकूर माझा आहे. आम्ही तिघांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

एनॉक ग्रिमशॉ

साक्षीदार:
नेली क्रॉम्प्टन, परिचारिका
लेनर्ड पॉमफ्रेट, बँडमास्तर

हॅदर्लो, १४ मे १९७१