सर्वांना पाहता येईल

७ जानेवारी २००८, सोमवार

आज तळेगाव ढमढेरेत आले. दौंडहून चौफुला, चौफुल्याहून न्हावरा आणि पुढे जीप. वडील रेल्वेत, त्यामुळे आमच्या घरचा प्रवास कायम रुळांवरचा. जीपमध्ये वांग्यांच्या पोत्याला टेकून आले तरी मजा वाटली.

भिमाजी आप्पांचा फोटो स्टुडिओ बाजारपेठेत आहे. आप्पा साठीचे. इतकी वर्षं रिळावर फोटो काढले, आता डिजिटल कॅमेरा आणि कॉम्प्युटर घेतलाय. तो चालवायला मी. आईला वाटायचं माझा कोर्स वाया जाणार. नाही गेला.

एका कपाटात तीस वर्षांच्या निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यांत आहेत. एवढ्या कशाला सांभाळता, असं मी विचारलं. म्हणाले, "लोकांचं तोंड हाय ते. ज्याचं त्यालाच द्यायचं. दुसऱ्या कुणी मागितलं तरी न्हाई."

खोली मिळाली शेवंताबाईंकडे, बुद्धविहारामागे. त्यांची भाची ललिता तिथंच राहते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असेल. सणसवाडीच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. मला पाहून म्हणाली, बरं झालं, मावशीचं घोरणं ऐकायला दोघी झालो. मी खूप दिवसांनी इतकी हसले.

१९ जानेवारी

ललिताचा फोटो काढला, कंपनीच्या गेटपाससाठी. तिनं केस मानेपर्यंत कापलेत, त्यामुळे चेहरा मोठा आणि मोकळा दिसतो. फोटो छान आलाय.

तिनं एकच गोष्ट दोनदा सांगितली. दुकानाच्या काचेत माझा फोटो लावू नको. मी लगेच हो म्हटलं.

घरी आल्यावर कारणही सांगितलं. सासर यवतकडचं. नवऱ्यानं तिला दोन दिवस कांदे साठवायच्या चाळीत कोंडून ठेवलं होतं, पाण्याशिवाय. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं कडी काढली आणि ती तशीच पळाली. दीड वर्ष झालं. ती कुठे आहे ते त्याला माहीत नाही. हे सांगताना ती मेथी निवडत होती, आणि हात जराही थांबला नव्हता.

२८ जानेवारी

हार्ड डिस्क गेली. दोन लग्नं, एक बारसं, सगळं गेलं. आप्पा दिवसभर जेवले नाहीत.

पुण्याच्या विक्रेत्यानं फोनवर सांगितलं, इंटरनेटवर जागा विकत मिळते, वर्षाचे पैसे भरायचे, फोटो कुलपात राहतात. आप्पा तयार होते. मीच मध्ये पडले. म्हटलं, आप्पा, तीच जागा फुकट देणारी साइट आहे, पैसे कशाला घालवता? मला हुशार ठरायचं होतं. खरं ते लिहिते.

आप्पांनी विचारलं, "फुकट देतोय म्हंजी त्याला काय मिळतं त्यातनं?" मी म्हटलं, जाहिराती.

"आन् कुलूप हाय न्हवं?"

मी हो म्हटलं.

नाही. इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं: फुकट अल्बम सर्वांना पाहता येतील, बंद ठेवायचे तर पैसे भरा. वाचलं आणि खाली सरकवलं. जगाच्या पसाऱ्यात तळेगावचे फोटो कोण शोधत बसणार? कॅमेऱ्याच्या कार्डांवर आणि सीड्यांवर उरलेलं सगळं चढवलं. पुन्हा सापडायला सोपं जावं म्हणून प्रत्येकाखाली नाव आणि पत्ता टाकला.

६ फेब्रुवारी

गावात कौतुक चाललंय. एकाच्या मुलानं दुबईत बसून बहिणीचा साखरपुडा पाहिला. बाळासो गुऱ्हाळवाले पेढे देऊन गेले. आप्पा सगळ्यांना सांगतात, पोरीनं केलं हे.

प्रत्येक फोटोखाली आकडा येतो, किती वेळा पाहिला त्याचा. बहुतेकांचे तीन, चार. साखरपुड्याचे वीस.

१२ फेब्रुवारी

ललिताच्या फोटोखाली एकसष्ट.

ओळखपत्राचा साधा फोटो. कोण पाहणार तो? खाली कुणीतरी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय. दोनच शब्द. केस कापले.

आणि त्याच्यावर मी टाकलेली ओळ आहे. ललिता, शेवंताबाईंचं घर, विहारामागे, तळेगाव ढमढेरे.

कंपनीतली मैत्रीण असेल, अशी मनाची समजूत घातली. संध्याकाळी ललितानं माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती. जेवताना तिच्याकडे पाहवेना.

१४ फेब्रुवारी

एकशे बारा. नवीन ओळ आलीय. गळ्यात काही नाही.

मैत्रीण असं लिहीत नाही.

फोटो काढून टाकला, मग सगळा अल्बमच. हायसं वाटलं. आप्पांनी विचारलं, काय करतीस? साफसफाई, म्हटलं. दुसरं खोटं.

१७ फेब्रुवारी

तिचं नाव टाकून शोधलं. फोटो आहे. दुसऱ्याच कुठल्या पानावर, पत्त्यासकट. साइटला पत्र लिहिलं, तर छापील उत्तर आलं. काढून टाकलेल्या फोटोंच्या प्रती काही काळ राहू शकतात, आणि ज्यांनी उतरवून घेतले त्यांच्यावर आमचं नियंत्रण नाही. फुकट खातेधारकांना फोनवर मदत मिळत नाही.

आज सांगायचं ठरवलं होतं. ती न्हाणीत गाणं म्हणत होती. उद्या सांगेन.

२३ फेब्रुवारी

ललिता कंपनीत कायम झाली. पहिला पेढा विहारात ठेवला, दुसरा मला भरवला. म्हणाली, तू आल्यापासून सगळं चांगलंच चाललंय बघ.

तोंडात पेढा होता. तेच निमित्त झालं गप्प राहायला.

सांगितलं तर नोकरी जाईल. आप्पांना कळेल मी खोटं बोलले. शेवंताबाई खोली सोडायला लावतील. मी माझंच धरून बसलेय. हे मला कळतंय, आणि तरीही मी सांगत नाही.

२९ फेब्रुवारी

त्या पानावर नवा फोटो.

मोबाइलवर काढलेला, धूसर. कंपनीच्या बसची वाट पाहणारी बाई, पाठमोरी. निळी ओढणी. ती ओढणी काल दोरीवरून मीच काढून घडी घातली होती.

खाली लिहिलंय, सव्वासहाची बस.

सांगायलाच हवं. उद्या नक्की.

३ मार्च

सांगितलं नाही. आणि आज तो दुकानात आला.

आप्पा बँकेत गेले होते. पांढरा शर्ट, नीट भांग. चपला बाहेर काढून आत आला. मला ताई म्हणाला. सीडी दिली. मी लावली, तर ललिता, गेटपासच्या फोटोतली. मी काढलेली.

म्हणाला, मोठा करून चौकटीत बसवायचा, हार घालतात तसा. वर कालकथित लिहायचं, गेलेल्या माणसाला लिहितात तसं, खाली नाव. जन्मतारीख दिली. पुढची जागा मोकळी ठेवा, म्हणाला. ती तारीख नंतर सांगतो.

मी पावती केली. हात आपोआप चालला. बाहेर भर बाजार होता, एक हाक मारली असती तर दहा माणसं धावली असती. आवाजच निघाला नाही.

जाताना दारात वळला. "लई शोधली हो. तुमच्यामुळं घावली."

४ मार्च

सांगितलं.

सकाळी, चुलीपाशी, सगळं. पत्ता मी टाकला तेही. ललिता ओरडली नाही. तिनं एकच विचारलं.

"कवापासून ठावं हाय तुला?"

एकवीस दिवस, म्हटलं.

ती उठून पिशवी भरायला लागली. शेवंताबाईंनी माझ्यापुढचं ताट उचललं नाही, वाढलंही नाही.

आप्पांनी मला पोलीस चौकीत नेलं. हवालदारानं अर्ज घेतला, यवतला फोन करतो म्हणाला. उद्या. परतताना आप्पांना कुलपाचं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मी इचारलं हुतं तुला."

उद्या सकाळी ललिता मांडवगण फराट्याला जाणार, शेवंताबाईंच्या बहिणीकडे, पुतळाबाईंकडे. तिथला पत्ता कुठेच लिहिलेला नाही. मी सोबत येते म्हटलं. नको म्हणाली.

५ मार्च

सातच्या जीपनं गेली. निळी ओढणी घरीच ठेवून गेली.

आप्पांनी पोलिसांसाठी सगळ्या तारखा लिहून काढायला सांगितल्यात. या वहीतून उतरवतेय. प्रत्येक पानावर उद्या सांगेन, उद्या सांगेन.

साडेदहा. पुतळाबाईंच्या शेजारी फोन केला. अजून पोचली नाही. दीड तासाची वाट.

अकरा. नाही. शेवंताबाई जीपच्या थांब्यावर गेल्यात. जीपवाला म्हणतो, ती मध्येच उतरली, घरचं माणूस न्यायला आलं होतं. तिनं काही आरडाओरडा केला नाही, म्हणतो. मला ठाऊक आहे, आवाज कसा निघत नाही ते—

आप्पा चौकीत धावले. मला म्हणाले, तू फोनजवळच बस.

सव्वाबारा. फोन नाही.

मी जर त्या दिवशीच — बारा तारखेला — भाकरी झाकून ठेवली होती तिनं, तेव्हाच जर

बाहेर कुणीतरी चपला काढतंय. आप्पा चपला काढत नाहीत.

तोच. शर्ट तोच, बाहीवर माती. पावती काउंटरवर ठेवलीय. बसलाय. मी लिहितेय ते पाहतोय, थांबवत नाही. म्हणतो, लिहा ताई, तारीख घाला आता. आजचीच—